मोड आणि मर्चंडायझिंग

वयाच्या एकावन्नाव्या वर्षी मी फॅशन शिकायला कॉलेजात जाऊन बसलो, तेव्हा आमच्या हॉलंडमधल्या टिलबर्गच्या मराठी मंडळींत दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं असं, की वासुदेव शेट्यांना नोकरीवरून काढलंय आणि ते ही गोष्ट लपवतायत. दुसऱ्या तटाचं म्हणणं मी इथे लिहीत नाही. खरं कारण दोन्हींपेक्षा साधं होतं. मला एक शब्द वाचता आला नव्हता.

मी एका गोदामाच्या कंपनीत प्लॅनर आहे. टिलबर्गच्या बाहेर अशी गोदामं आहेत, की एका टोकाला पाऊस पडत असला तर दुसऱ्या टोकाच्या माणसाला छत्री न्यायची का हे फोन करून विचारावं लागतं. अशा एका गोदामात कुठला ट्रक कुठल्या दाराला कधी लागायचा, हे मी ठरवतो. तर आमच्या कंपनीने फतवा काढला की प्रत्येकाने वर्षभराचा एक अभ्यासक्रम करायचा. खर्च कंपनीचा, आणि दर शुक्रवारी कामावरून सुटी. अभ्यासक्रमांची यादी आली ती डचमध्ये. तीत 'मोड आणि मर्चंडायझिंग' असं एक नाव होतं.

आता आमच्या धंद्यात मोड म्हणजे मालवाहतुकीचा प्रकार. जहाज हा एक मोड, रेल्वे हा एक मोड, ट्रक हा एक मोड. मराठीत मोड म्हणजे मटकीला येतात ते, किंवा कंडक्टर मागतो ती. डचमध्ये मोड म्हणजे फॅशन, हे अकरा वर्षं इथे राहून मला ठाऊक नव्हतं. कारण या अकरा वर्षांत मी कपडे घेतले ते फक्त बार्शीला गेल्यावर.

फोनवर शब्दाचा अर्थ बघायला काय झालं होतं, असं पुढे मला पुष्कळ जणांनी विचारलं. त्याचं उत्तर असं, की आदल्याच आठवड्यात मी आमच्या मॅनेजरला, बासला, सांगितलं होतं की मला आता भाषांतराची गरज पडत नाही. बास बत्तीस वर्षांचा आहे आणि तो माणसाचं बोलणं खरं मानतो. एक टीम लीडरची जागा रिकामी होणार होती, तिच्या अर्जात मी 'डच उत्तम' असं लिहिलं होतं. असा माणूस चोरून जरी फोनवर शब्द बघू लागला, तरी स्वतःच्या नजरेतून उतरतो.

शिवाय सल्ला घेतला होता. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून लहू कांबळे राहतो. मूळचा नांदेडचा, सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि टिलबर्गमधल्या मराठी माणसाच्या घरात बॉयलरपासून बारशापर्यंत काहीही अडलं की लहूला फोन जातो. लहू म्हणाला, शेटेसाहेब, जिथे अर्ज कमी तिथे मंजुरी लवकर. आमच्या कंपनीतून या अभ्यासक्रमाला किती अर्ज आहेत ते मी बघितलं. एकही नव्हता. मला एका दिवसात मंजुरी मिळाली. एवढ्या मोठ्या गोदामात हा विषय कुणालाच का नको असावा, हा प्रश्न मला पडला नाही. मला वाटलं, लोकांना दूरदृष्टी नाही.

कंपनीने मंजुरी दिली, कॉलेजने दिली नाही. हे कॉलेज म्हणजे विद्यापीठ नव्हे. दहावीनंतर हाताला काम शिकवणारं, गावातलं सरकारी कॉलेज; केस कापणारे, पाव भाजणारे, गवंडीकाम करणारे सगळे तिथेच तयार होतात. मी माझी इंजिनिअरिंगची पदवी पाठवली. त्यांच्या कॉम्प्युटरने ती नाकारली, कारण शिक्षण फार जास्त होतं. मग दहावीचं प्रमाणपत्र पाठवलं. त्यावर माझं नाव 'वासुदेओ' असं होतं आणि पासपोर्टवर 'वासुदेव'. मी खेमेंतेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत गेलो. खिडकीतल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, की हे दोघे एकच असल्याचा दाखला आणा. मी म्हटलं, दोघे तुमच्यासमोर उभे आहेत. त्या म्हणाल्या, तुम्ही एक उभे आहात, दुसऱ्याचा कागद हवा.

मग बार्शीला धाकट्या भावाने प्रतिज्ञापत्र करून पाठवलं. त्यात वकिलाने 'वासुदेओ उर्फ वासुदेव' असं लिहिलं. त्या 'उर्फ'चं सरकारमान्य भाषांतरकाराने जे डच केलं, ते पोलीस ज्या अर्थाने वापरतात ते होतं. आजही त्या कॉलेजच्या दफ्तरी मी टोपणनावाने वावरणारा इसम आहे.

शेवटी एक पत्र मागवलं गेलं. इंजिनिअर माणसाला हा विषय का शिकायचाय, ते स्वतःच्या शब्दांत लिहा. मी जीव ओतून लिहिलं. लिहिलं की मला लहानपणापासून मोडचं वेड आहे. आमच्या गावाजवळच्या कुर्डुवाडीला मी लहानपणी अरुंद आणि रुंद असे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी उभे पाहिले आणि भारावून गेलो. पुढे अरुंद हळूहळू मागे पडला, सगळीकडे रुंद आला, त्याचं मला आजही वाईट वाटतं. मी रेल्वेच्या रुळांबद्दल लिहीत होतो, पण 'रेल्वे' हा शब्द त्या पत्रात राहून गेला होता. ही चूक मला फार उशिरा कळली.

सप्टेंबरातल्या पहिल्या शुक्रवारी मी नवीन वही आणि डबा घेऊन वर्गात गेलो. वर्गात एकवीस मुली होत्या, अठरा-एकोणीस वर्षांच्या. मी आत शिरताच एकीने मला बिघडलेला हीटर कुठे आहे ते दाखवलं. तेवढ्यात शिक्षिका आल्या. यानेके त्यांचं नाव, पिकलेले केस, चष्मा दोरीला लटकलेला. त्यांनी माझा हात हातात घेऊन सगळ्या वर्गाला सांगितलं की याचं पत्र वाचून मला भरून आलं, अरुंद आणि रुंद पँटींबद्दल इतक्या हळवेपणाने लिहिलेलं मी आजवर वाचलं नव्हतं.

मी बसलो. पँटला डचमध्ये काय म्हणतात तेही मला तेव्हा ठाऊक नव्हतं, म्हणून अकरा वाजेपर्यंत ट्रकची वाट पाहिली. भिंतीवर हडकुळ्या बायकांची चित्रं होती, ती मी आधीच्या वर्गाची समजत होतो. अकरा वाजता यानेकेबाईंनी कापडाच्या नमुन्यांची जाड वही काढून टेबलावर ठेवली, आणि मोड म्हणजे काय ते मला कळलं.

परत फिरायची वाट होती. नाव काढून घेण्याचा एक फॉर्म होता. त्यावर कारण लिहायचं होतं आणि खाली मॅनेजरची सही घ्यायची होती. मी तो फॉर्म तीन दिवस खिशात बाळगला. कारणाच्या चौकटीत 'शब्द कळला नाही' असं लिहून तो बाससमोर ठेवायचा म्हणजे टीम लीडरच्या जागेवर स्वतःच्या हाताने पाणी सोडायचं. मी विचार केला, वर्ष म्हणजे काय, चाळीस शुक्रवार. माणसं याहून मोठ्या शिक्षा भोगतात.

घरी मी सांगितलं की मी मर्चंडायझिंग शिकतोय. हे खोटं नव्हतं. फक्त निम्मं होतं. माझी बायको मृण्मयी गावातल्या वाचनालयात काम करते आणि तिचं डच माझ्यापेक्षा बरं आहे, असं ती म्हणते. कॉलेजचं पाकीट तिने पहिल्याच दिवशी वाचलं होतं. पण तिने तीन आठवडे चकार शब्द काढला नाही. मी दर शुक्रवारी 'आज ट्रकचा तास फारच ताणला' वगैरे सांगत होतो आणि ती 'हो का' म्हणत होती. चौथ्या शुक्रवारी आमटी वाढता वाढता तिने विचारलं, "मग, या हंगामात काय चाललंय? अरुंद का रुंद?"

आमची मुलगी ऋता सोळा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र डचमध्ये येतं. तिच्या मैत्रिणीची थोरली बहीण माझ्या वर्गात निघाली. ऋताने मला डचमध्ये एकच विनंती केली, वर्गात आडनाव सांगू नका. त्याची गरज पडली नाही. मुलींनी माझं नाव आखूड करून 'वास' केलं होतं. "वास, खिडकी उघड," "वास, तुझा डबा मस्त आहे," असं चालायचं. मराठीत त्याचा अर्थ काय होतो ते मी त्यांना सांगितलं नाही. ऑफिसात ज्याच्या सहीशिवाय ट्रक हलत नाही, त्या माणसाची ही अवस्था.

आता एक गोष्ट कबूल करायची आहे. ती नमुन्यांची वही पहिल्या दिवशी फिरत फिरत माझ्यापुढे आली, तेव्हा मी ती बघितली नाही. माझं लक्ष खिशातल्या फोनकडे होतं. पण माझ्या अंगठ्याने आणि बोटाने आपोआप कापडाची कड धरून चोळायला सुरुवात केली. पॉपलिन. टेरिकॉट. हे मांजरपाट, पण खळ जास्त. पान उलटून नाव वाचायच्या आधी बोटं सांगत होती. शेजारची एलिफ नावाची मुलगी माझ्याकडे बघायला लागली, तेव्हा मी हात मागे घेतला.

माझ्या वडिलांचं, अण्णांचं, बार्शीला कापडाचं दुकान होतं. शेटे क्लॉथ स्टोअर्स. चौथीपासून बारावीपर्यंतच्या माझ्या सगळ्या दुपारी तिथे गेल्या. गेल्या गेल्या फडकं मारायचं, तागे लावायचे, गिऱ्हाईक उठून गेलं की उलगडलेला ढीग पुन्हा घडी करायचा. नव्या कापडाचा तो कोरा, खळीचा वास मला तेव्हा नकोसा व्हायचा. वर्गातल्या पोरांचे वडील मामलेदार कचेरीत नाहीतर बँकेत होते, आणि त्यांच्या आया माझ्या वडिलांशी आठ-आठ आण्यांवरून घासाघीस करायच्या. दुसऱ्या दिवशी तीच पोरं शाळेत अण्णांची नक्कल करायची. बारावी झाल्या झाल्या मी इंजिनिअरिंगला कराडला पळालो, ते कायमचा. अण्णा गेल्यावर भावाने दुकान मोडलं, तेव्हाही मी गेलो नव्हतो. माझी व्हिसाची काहीतरी भानगड होती. ती होतीच, पण नसती तरी बहुधा गेलो नसतो.

अण्णा शिकवायचे असं नाही, बोलता बोलता सांगायचे. गिऱ्हाइकाचं तोंड बघू नये, हात कुठे थांबतो ते बघावं. तोंड किमतीकडे असतं, हात आवडीवर असतो. हे वाक्य मी नोव्हेंबरात वर्गात डचमध्ये सांगितलं, कारण यानेकेबाईंनी ग्राहकाचं मानस कसं ओळखावं असा प्रश्न केला होता आणि कुणीच बोलत नव्हतं. बाईंनी ते फळ्यावर लिहिलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी विचारलं, या देशात पावसाळी कपड्यांना कोणता रंग ठेवाल? मी म्हटलं, मळखाऊ. मग ते समजावणं आलं. ज्यावर मळ दिसत नाही, जो मळ खाऊन टाकतो तो रंग. बाईंनी तो शब्द वहीत टिपला. म्हणाल्या, सायकलवरून चिखल उडवत हिंडणाऱ्या राष्ट्राला इतकी वर्षं हा शब्द नव्हता याचं आश्चर्य वाटतं. महिनाभर मुली एकमेकींच्या जाकिटांना 'मालकाऊ' म्हणत होत्या. मी घरी येऊन हे मृण्मयीला सांगितलं, आणि सांगताना माझ्या लक्षात आलं की मी हसतोय.

याच सुमाराला आमच्या शेजाऱ्याला, टोनआजोबांना, बातमी लागली. टोन चौऱ्याऐंशीचे, चाकांच्या कठड्याला, म्हणजे वॉकरला, धरून चालतात. टिलबर्ग हे एके काळी लोकरीच्या गिरण्यांचं गाव. टोन पंधराव्या वर्षी गिरणीत लागले आणि ती बंद पडेपर्यंत मागावर होते. मी फॅशन शिकतोय म्हटल्यावर गल्लीत हसले नाहीत असे ते एकटेच. त्यांनी मला बोलावून कॉफी दिली आणि सांगितलं, की या गावच्या लोकांना बाहेरचे चिडवतात, त्याचा सोज्वळ अर्थ 'माठात लघवी करणारे' असा होतो. पूर्वी लोकर धुवायला लघवी लागायची आणि घरोघरची माणसं ती माठात साठवून गिरणीला द्यायची. त्यांच्या आजोबांचा माठ म्हणे वेळेवर जायचा. हे त्यांनी आपल्याकडे कुणी पाटीलकी सांगावी तशा अभिमानाने सांगितलं. मग माझ्या कोटाची कड अंगठा आणि बोटात धरून त्यांनी डोळे मिटले, आणि म्हणाले, बरा आहे, पण खांद्याला लवकर झिजेल. मी कॉफी खाली ठेवली. तशी कड धरलेली मी त्याआधी एकाच माणसाने पाहिली होती.

मार्चमध्ये पुतळ्याचं प्रकरण झालं. वार्षिक परीक्षेला प्रत्येकाने एक शोकेस सजवायची होती, आणि सरावासाठी कॉलेजने जुने पुतळे घरी न्यायला दिले. माझ्या वाट्याला एक पूर्ण उंचीची बाई आली. बस ड्रायव्हरने तिचं तिकीट काढायला सांगितलं, का थट्टा केली, ते मला कळलं नाही, पण मी उतरलो. टोनआजोबांकडे पुढे लाकडी पेटी असलेली जुनी सायकल होती, ती मागून आणली. बाईला पेटीत आडवं घातलं. पाय बाहेर राहिले. अंगावर काही नव्हतं म्हणून, आपल्याला बरं दिसेना, मी घरून आणलेली पांढरी चादर पायापासून डोक्यापर्यंत ओढली आणि दोरीने बांधली. त्यामुळे प्रकरण सभ्य दिसेल अशी माझी कल्पना होती.

कालव्याच्या कडेने जाताना लोक थांबून बघत होते. एका गृहस्थांनी टोपी काढली. पुलाच्या वळणावर वारा आला, चादर सुटली, आणि बाईचा डावा हात खांद्यातून निखळून थेट पाण्यात गेला. समोरच्या कट्ट्यावर बसलेल्या आजीबाईंनी ते पाहिलं. मी हात काठीने ओढायचा प्रयत्न करत असताना दोन पोलीस आले.

मी माझ्या उत्तम डचमध्ये सांगायला लागलो. घाबरलो की माझ्या डचमधली क्रियापदं आधी जातात. मी म्हटलं, ही बाई माझी नाही, कॉलेजची आहे. हात पडला, बाकी सगळी ठीक आहे. एका पोलिसाने चादर उचलून बघितलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. दुसरा नियमाचा होता. त्याने विद्यार्थी असल्याचा पुरावा मागितला. त्याने कॉलेजात फोन लावला, आणि तिथल्या दफ्तरातून उत्तर आलं की हो, हा आमचाच आहे, टोपणनावाने वावरतो.

अर्ध्या तासाने सुटलो. हात मात्र गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवशी गावच्या बातम्यांच्या पानावर फोटो आला: पाण्यात काठी घालून वाकलेला मी, मागे सायकलीतून वर आलेली दोन पावलं. आडनाव छापलं नव्हतं, पण चेहरा स्वच्छ होता. लहूचा फोन आला. त्याने विचारलं, की शेटेसाहेब, वकील लागेल का. ऋता खोलीबाहेर आली नाही.

सोमवारी बासने मला बोलावलं. त्याच्या फोनवर तो फोटो होता. मी म्हटलं आता लपवण्यात अर्थ नाही, आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. मोड, ट्रक, फॉर्म, सगळं. त्याने मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, म्हणजे एक शब्द विचारायची लाज वाटली म्हणून तू सात महिने दुसराच अभ्यासक्रम करतोयस? मी हो म्हटलं. त्याने फोन टेबलावर पालथा ठेवला. मग म्हणाला की टीम लीडरची जागा जानेवारीतच दुसऱ्याला दिली, तुला सांगायचं राहून गेलं, क्षमा कर.

डच माणूस मनाने सरळ असतो. त्याने तिथल्या तिथे नाव काढून घेण्याचा फॉर्म छापला, खाली स्वतःची सही केली आणि पेन माझ्यापुढे ठेवलं.

घरी आलो तेव्हा मृण्मयी कपड्यांना इस्त्री करत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मग केलीत सही?"

"नाही."

"का? आता कुणासाठी?"

मी म्हटलं, "कोटांचा भाग राहिलाय अजून."

इस्त्री बाजूला ठेवून तिने माझा शुक्रवारचा शर्ट ढिगातून वर काढला.

परीक्षा जूनमध्ये होती. यानेकेबाईंना मनातून वाटत होतं की मी साड्या, झेंडूची फुलं, असं काहीतरी करीन. वर्गालाही तीच आशा होती. पण मी हिवाळी कोट घेतले. बाई एकहाती असल्यामुळे तिची रिकामी बाही कोटाच्या खिशात खोचली. ती खिशात हात घालून बसची वाट बघतेय असं दिसत होतं. शेजारी एका पाटावर कोटाच्या कापडाच्या घड्या रचल्या, अण्णा रचायचे तशा, कडा एका रेषेत. परीक्षेला बाहेरून एक बाई आल्या होत्या. उंच, काळे कपडे, हातात कागद अडकवलेली पाटी. त्यांनी माझी शोकेस बघून नाक किंचित वर केलं. हे दुकान नाही, कोठार वाटतंय, असं म्हणाल्या. मी म्हटलं, आमच्या दुकानात पुतळे नव्हते. कापड गिऱ्हाइकाच्या मांडीवर उलगडायचं असतं. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं, आणि ते चांगलं नसावं.

पाहुण्यांना परवानगी होती, म्हणून टोनआजोबा कठडा ढकलत आले होते. ते सरळ आत शिरले आणि त्यांनी कोटाची कड धरली. डोळे मिटले. मग म्हणाले, ही लोकर नाही.

परीक्षकबाईंनी कोटाच्या आतली चिठ्ठी दाखवली. शंभर टक्के लोकर. टोन म्हणाले, चिठ्ठीला बोटं नसतात.

बाई चिडल्या, यानेकेबाई मधे पडल्या, आणि मला एकदम बार्शी दिसली. मी बारा वर्षांचा होतो. सोलापूरचा एक व्यापारी शुद्ध सुती म्हणून माल दाखवत होता, तोंडाने अखंड बोलत होता. अण्णांनी एक अक्षर न बोलता कडेचा धागा ओढला, आगपेटी काढून पेटवला आणि विझल्यावर उरलेला काळा मणी त्याच्या तळहातावर ठेवला. सुताची राख होते, मणी उरतो तो टेरिलीनचा. मग त्याच्यासाठी चहा मागवला. चारचौघांत त्याला खोटं म्हटलं नाही. त्या दिवशी मला माझ्या बापाचा इतका अभिमान वाटला होता, की दुकानाच्या पायरीवर बसून मी पोरांची वाट बघत होतो, कुणीतरी येऊन नक्कल करू दे म्हणून. ही गोष्ट मी त्यांना कधीच सांगितली नाही.

माझ्या हाताने कोटाच्या आतल्या शिवणीतून धागा ओढला. एलिफने न विचारता लायटर पुढे केला. मी पेटवला. आधी केस जळाल्याचा वास आला, ती लोकर. मग प्लास्टिकचा आला. टोनआजोबांनी मान हलवली. मी मणी चिमटीत धरून परीक्षकबाईंपुढे केला, आणि त्याच क्षणी डोक्यावरचा धुराचा भोंगा वाजायला लागला.

एका धाग्याने एवढं होईल असं मला वाटलं नव्हतं. सगळी इमारत रिकामी झाली. केस अर्धे कापलेली गिऱ्हाइकं, पिठाचे हात घेऊन पाववाले, सिमेंट लागलेले गवंडी, असे आठशे लोक पावसात उभे राहिले. आगीचे दोन बंब आले. वर्गातल्या मुली त्यांना मोठ्या कौतुकाने सांगत होत्या, "आमच्या वासने केलं." टोनआजोबा भिजू नयेत म्हणून मी त्यांच्या अंगावर शोकेसमधला तो भेसळीचा कोट टाकला होता. त्यातही ते एकेक शिवण तपासत होते.

परीक्षकबाई पावसात चालत माझ्याकडे आल्या. केसांतून पाणी गळत होतं. मला वाटलं, आता संपलं. त्यांनी हात पुढे केला. मणी अजून माझ्या चिमटीत होता. त्यांनी तो बोटांत धरून फिरवला, नखाने दाबून बघितला आणि विचारलं, "लोकर किती?"

"सत्तर-तीस," मी म्हटलं.

टोन म्हणाले, "पासष्ट."

बाईंनी पाटीवर लिहिलं. शोकेस मांडणी, चार. ग्राहकाशी बोलणं, सहा. कापडाचं ज्ञान, नऊ. दहापैकी सरासरी सहाच्या जरा वर आली, आणि मी पास झालो. सोबत आगीबद्दल लेखी ताकीद मिळाली, ती दोन्ही नावांनी. ऋताने निकाल वाचला आणि सांगितलं की या देशात सहा म्हणजे अगदी बरोबर मार्क, जास्त पडले की लोक संशय घेतात. आमचा भोंगा तिच्या शाळेपर्यंत ऐकू गेला होता. तिने मैत्रिणींना आपणहून सांगितलं, की तो माझा बाबा.

ऑगस्टमध्ये बासने पुन्हा बोलावलं. आमच्या गोदामात आता इंटरनेटवर विकलेले कपडे परत येतात, रोज ट्रक भरभरून. लोक मागवतात, घालून बघतात, एखादं लग्न उरकतात आणि परत पाठवतात. त्यातलं कोणतं पुन्हा विकण्यासारखं, कोणतं खराब, कुठली चिठ्ठी खोटी, हे बघणारा माणूस हवा होता. हुद्दा तोच. बढती नाही. पण एक मोठं टेबल आणि हाताखाली चार माणसं. मी हो म्हटलं. दर आठवड्याला एखादा वादाचा नग निघाला, की तो टोनआजोबांकडे नेतो. ते डोळे मिटतात आणि मी त्यांचा आकडा माझ्या आकड्याशी पडताळून बघतो. अजून ते पुढे आहेत.

रविवारी दुपारी आईला बार्शीला फोन केला. आई एकोणऐंशी वर्षांची. तिला गोदाम, इंटरनेट, परतीचा माल हे समजावून सांगायला मी बराच प्रयत्न केला. घेतलेलं कापड अंगाला लावून परत देतात, हे तिला पटेना. तिने ते बाजूला ठेवलं आणि तिला हवं ते घेतलं.

"म्हंजे दिवसभर कापडाचंच काम हाय?"

"हो."

"मग दुकानच की."

मी पुन्हा समजावणार होतो. तेवढ्यात तिकडे ती कुणाला तरी मोठ्याने सांगत असल्याचं ऐकू आलं, की आमच्या वासुदेवानं हॉलंडला दुकान टाकलंय. ते ऐकल्यावर मी समजावणं सोडून दिलं. ती परत फोनवर आली.

"गादी घातली का रं?"

मला आमचं टेबल दिसलं. पत्र्याचं, वर काळं रबर, कमरेइतकं उंच. बसायला जागा नाही.

"घातली, आई."

"तोंड कुणीकडं?"

"पूर्वेला."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि पुढे भावाच्या मुलीच्या परीक्षेचं सांगायला लागली.

आमच्या गोदामाला खिडक्या नाहीत. सोमवारी सकाळी मी जाऊन फोनमधलं होकायंत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं. तोंड नैर्ऋत्येला निघालं. टेबल फिरवायला कुठला फॉर्म भरावा लागतो का, ते मी बासला जाऊन विचारलं. तो म्हणाला, लागत नाही. मग आम्ही चौघापाच जणांनी ते धरून फिरवलं.